शेवटचा हात : भाड्याच्या घरातील कर्मयोग

समजा, घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. जुने बिऱ्हाड गेले. दुरुस्ती काढली. गिलावा झाला, फरशी बसली, भिंतींना रंगाचा पहिला हात लागला. आता उरले आहे ते किरकोळ काम. न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात पाणी थांबते. दाराच्या बिजागरीला चार भोके आहेत, पण स्क्रू दोनच बसले आहेत. ओट्याची कड हाताला लागते. आतली कडी कोयंड्यात सहज बसत नाही, जोर लावावा लागतो. कारागीर सामान आवरता आवरता विचारतो, "किराये का मकान है, इतना चलेगा ना?" आणि आपल्या तोंडून नकळत निघते, "चलेगा."

रायपूरमध्ये हा शब्द हिंदीत निघतो, पुण्या-नागपुरात मराठीत, एवढाच काय तो फरक. आजचे चिंतन याच शब्दावर करू या. जिथे मी राहणार नाही, जे काम कोणी तपासणार नाही आणि ज्याच्यासाठी ते करायचे त्या माणसाला मी ओळखतही नाही, तिथे माझे काम किती नीट असले पाहिजे? हा प्रश्न दिसायला गवंड्या-सुताराचा आहे, पण तो साधकाचाही आहे.

दोन्ही बाजूंना साधी माणसे

हा प्रश्न रायपूरच्या संदर्भात पाहू या. छत्तीसगडात मराठी माणसे भोसल्यांच्या काळापासून आहेत. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजीराजे रतनपुरात राहून कारभार पाहत. पुढे इंग्रजांच्या देखरेखीत मुख्य ठाणे रायपूरला आले. नोकरी, रेल्वे, शिक्षण, वकिली अशा निमित्तांनी आलेली कुटुंबे इथेच रुजली. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी या भागांत आजही मराठी कानावर पडते आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, पुढे एम्स आले. शिकणारी मुलेमुली, परिचारिका, नवे कर्मचारी परगावांहून येऊ लागले. त्यांना राहायला खोली हवी असते. इकडे अनेक घरांतली मुले पुण्याला, बंगळुरूला गेलेली आणि वरचा मजला रिकामा. निवृत्त माणसाच्या औषधपाण्याला त्या भाड्याचा आधार असतो. म्हणजे घरमालक श्रीमंत आणि भाडेकरू गरीब असे सरळ चित्र इथे नाही. खर्चाची काळजी खरी आहे. म्हणूनच 'चलेगा' म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. तो आपल्यासारखाच असतो, आणि त्यामुळेच हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

'चलेगा' म्हणजे नेमके काय?

स्वतःच्या घरात हीच कडी अडकली असती तर आपण सुताराला त्याच दिवशी परत बोलावले असते. काम तेच, खर्च तोच, वेळही तेवढाच. बदलते ते एकच : त्या घरात कोण राहणार. 'चलेगा' या शब्दाचा पूर्ण अर्थ असा होतो : "माझ्यासाठी हे चालले नसते, पण त्याच्यासाठी चालेल." एवढा लांब अर्थ आपण मोठ्याने उच्चारला तर आपल्यालाच संकोच वाटेल. छोटा शब्द तो संकोच झाकून टाकतो.

आत्मौपम्य, म्हणजे दुसऱ्याच्या सुखदुःखाला स्वतःच्या मापाने मोजणे, ही गीतेने सांगितलेली योग्याची खूण आहे. हा विचार आपण सत्संगात ऐकतो, मान डोलावतो. पण त्याची परीक्षा सत्संगात होत नाही. ती होते न्हाणीघराच्या त्या ओल्या कोपऱ्यात. तिथे उद्या कोणाची तरी आई सकाळी अंधारात पाय ठेवणार आहे. फरशीचा उतार उलटा असेल तर साबणाचे पाणी जाळीकडे न जाता दाराशी थांबते. तरुण माणूस घसरला तर सावरतो. सत्तरीतली बाई पडली तर खुब्याचे हाड मोडू शकते आणि मग ती पुन्हा पूर्वीसारखी चालेलच असे नाही. जाळीकडे दर मीटरला साधारण एक सेंटिमीटरचा उतार असता तर ते पाणी वाहून गेले असते.

सजवणे आणि निस्तरणे

इथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. घर पाहायला येणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून केलेले काम आणि राहणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केलेले काम, ही दोन्ही वरवर सारखी दिसतात. दोन्हींना आपण 'फिनिशिंग'च म्हणतो. पण त्यांची दिशा उलट आहे.

भिंतीत ओल आहे. जूनच्या मध्यानंतर रायपूरला पाऊस सुरू होईल, हे आपल्याला ठाऊक आहे. मे महिन्याच्या उन्हात भिंत वरून कोरडी दिसते, तेव्हाच तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवला की घर चकचकीत होते, भाडे ठरते, आगाऊ रक्कम हाती येते. आषाढात रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, खोलीत कुबट वास भरतो आणि लहान मुलाला खोकला लागतो. हे काम कितीही सफाईने केलेले असो, ती सफाई असत्याची आहे. ओल कुठून येते ते आधी शोधायचे, गच्चीची भेग किंवा गळणारा नळ बंद करायचा, भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मगच रंग लावायचा. याला वेळ लागतो, आणि पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

खऱ्या शेवटच्या हाताचे लक्षण हेच की तो बहुधा दिसत नाही. लाकडी दाराची वरची आणि खालची कड घ्या. दाराच्या दोन्ही बाजूंना रंग मिळतो, पण या दोन कडा कोऱ्याच राहतात, कारण तिथे कोणी पाहत नाही. पावसाळ्यातली दमट हवा नेमकी तिथून लाकडात शिरते, दार फुगते आणि चौकटीत अडकते. रायपूरसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा सहज चाळिशीच्या वर जातो आणि लगेच पावसाळा येतो, तिथे लाकूड आक्रसते आणि फुगते. दार उतरवून त्या कडांना ब्रशचे दोन हात मारायला फार तर पंधरा मिनिटे लागतात. सज्जाच्या खालच्या बाजूची बारीक खाचही तशीच. ती असली की पावसाचे पाणी तिथेच थेंबाथेंबाने गळून पडते, भिंतीपर्यंत येत नाही. खाली वाकून, मान वर करून ती खाच पाहणारा भाडेकरू विरळाच. पण तिचा लाभ त्याला मिळतो, दर पावसाळ्यात, त्याच्या नकळत.

आणि काही गोष्टी तर प्राणाशी निगडित असतात. या भागात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. अशा वेळी त्या प्लगला अर्थिंग नसेल तर विजेचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. प्लगची तीन भोके बाहेरून तर दिसतात, पण तिसऱ्या भोकामागे तार जोडलेली आहे की नाही, ते भिंतीआड असते. भाडेकरू आपल्या शब्दावर विश्वास ठेवून तिथे कूलर लावतो. भिंतीआडची ती तार म्हणजे आपण न बोलता दिलेले वचन आहे. ती जोडलेली नसेल, तर ते वचन खोटे आहे.

गोरोबाकाकांचे थापटणे

फरशी बसवल्यावर चांगला गवंडी एक काम करतो. नाण्याने किंवा लाकडाच्या मुठीने एकेक फरशी वाजवून पाहतो. खाली माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो. पोकळी राहिली असेल तर फरशी पोकळ वाजते. अशी फरशी वरून इतर फरश्यांसारखीच दिसते. पुढे कधी जड भांडे पडले किंवा कपाट सरकवले की तीच तडकते.

हे वाचताना तेरच्या गोरोबाकाकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. संतमंडळी जमली असता काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून कोणते मडके भाजले आहे, कोणते कच्चे आहे ते पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांना ते मानवले नाही आणि तेच मडके कच्चे ठरले. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पूर्णत्वाला पोचले. त्या कथेत काकांनी परीक्षेसाठी पोथी काढली नाही, आपले रोजचे हत्यार काढले. ज्या कानाने ते मडक्याचा कच्चेपणा ओळखत, त्याच कानाने त्यांनी माणसाचा ओळखला. कामातली बारकाई आणि अंतःकरणाची पारख या दोन वेगळ्या विद्या नाहीत, हे ती कथा सुचवते. जो पोकळ फरशीचा आवाज ऐकूनही पुढे जातो, त्याला हळूहळू स्वतःच्या बोलण्यातला पोकळपणाही ऐकू येईनासा होतो. आपल्या संतांनी कुंभारकाम, मळा, शिवणकाम सोडून भक्ती केली नाही. ज्ञानदेवांनी स्वकर्मालाच ईश्वराच्या पूजेतले फूल मानले. पूजेला किडके फूल आपण वाहत नाही.

बूढापाऱ्यातील एक घर

रायपूरचे विमानतळ आणि बूढा तालाब या दोघांनाही स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. त्याला कारण आहे. 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र वडील विश्वनाथ दत्त यांच्या कामाच्या निमित्ताने कुटुंबासह रायपूरला आला आणि 1879 मध्ये कोलकात्याला परतला. बूढापाऱ्यातील डे भवन या घरात या कुटुंबाचा मुक्काम होता, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे पुढे ज्याने जगाला हलवले, त्या मुलाने वाढत्या वयातली जवळपास दोन वर्षे स्वतःचे नसलेल्या घरात काढली.

यावरून चटकन एक निष्कर्ष काढावासा वाटतो : आपल्या खोलीतही उद्या एखादा विवेकानंद राहायला येईल, म्हणून ती नीट ठेवा. पण थांबू या. हा निष्कर्ष अपुरा आहे. थोर माणसासाठी उतार नीट आणि सामान्य माणसासाठी उलटा चालेल, असा त्याचा अर्थ होईल. स्वामीजींनी आयुष्यभर सांगितले ते याच्या विरुद्ध. जीव हाच शिव आहे. येणारा कोणीही असो, तो नारायणच आहे. परिचारिकेची पहिली नोकरी करणारी मुलगी रात्रपाळीहून परत येते, दार लावते आणि आतली कडी एका बोटाने सरकून बसते. तेवढ्याने ती निर्धास्त झोपते. ती पुढे कोण होणार हे विचारण्याचे कारण नाही.

रायपूरच्या त्याच प्रवासातली आणखी एक आठवण चरित्रकार सांगतात. तेव्हा इथवर रेल्वे नव्हती. पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडीचा प्रवास होता. विंध्याच्या डोंगरात एका कपारीत नरेंद्राने मधमाश्यांचे प्रचंड पोळे पाहिले. किती काळाचे, किती जीवांचे हे श्रम, या विचारात त्याचे मन इतके बुडाले की बाहेरचे भान हरपले.

त्या पोळ्यात त्याला ईश्वराच्या अनंत शक्तीचे दर्शन झाले. आपण जरा जवळ जाऊन पाहू या. मधमाशीच्या पोळ्यातल्या मेणाच्या भिंती एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतात. प्रत्येक कोठडी तोंडाकडे किंचित वर उचललेली असते, म्हणजे मध बाहेर ओघळत नाही. न्हाणीघराच्या उताराचे गणित मधमाशीला कोणी शिकवले नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, हंगामात राबणारी कामकरी माशी काही आठवड्यांतच मरते. तिने बांधलेल्या कोठडीतला मध पुढच्या माश्या खातात. तिच्या ओळखीच्या नसलेल्यांसाठी ती उतार अचूक ठेवते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. "एवढे सगळे करायचे तर भाडे वाढवावे लागेल." काही अंशी खरे आहे. पण वर सांगितलेल्या गोष्टी पुन्हा पाहा. उरलेले दोन स्क्रू, ओट्याची घासलेली कड, दाराच्या कडांचा रंग, कडीची जागा. यांना पैसा थोडा लागतो, लक्ष अधिक लागते. सेवाग्रामची बापू कुटी मातीची आहे, पण साधेपणा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे तिथे गेलेल्या कोणालाही कळते. महाग फरशी नसली तरी चालेल. स्वस्त फरशी नीट बसलेली हवी.

दुसरा आक्षेप, "भाडेकरू घर खराबच करतात." काही करतात. पण ज्या घरात पहिल्या दिवसापासून दार अडकते आणि तोटी गळते, ते घर जपावे असे कोणाला का वाटावे? आणि समजा, भाडेकरू निष्काळजी निघाला, तरी त्याचे कर्म त्याचे आणि आपले कर्म आपले. त्याच्या भविष्यातल्या चुकीची शिक्षा आपण आधीच त्याच्या न्हाणीघरात करून ठेवू शकत नाही.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे आणि साधकाने तो गंभीरपणे घ्यावा. बारकाईचाही अहंकार होतो. फरशीच्या दोन सांध्यांत केसाइतका फरक दिसला म्हणून रागावणारा, कारागिराला चार वेळा काम मोडायला लावणारा मालक कर्मयोगी नसतो. तो घराच्या आरशात स्वतःला पाहत असतो. मग थांबायचे कुठे? एक कसोटी उपयोगी पडते. प्रत्येक उणिवेपाशी स्वतःला विचारा : हिचा त्रास राहणाऱ्याला होणार आहे, की फक्त माझ्या डोळ्यांना? पहिले असेल तर काम पूर्ण करा. दुसरे असेल तर सोडून द्या. निष्काम कर्माचा अर्थ काम अर्धवट सोडणे असा नाही, आणि काम संपल्यावरही त्याला चिकटून राहणे असाही नाही.

ज्यांचे हात राबतात

शेवटचा हात आपण म्हणतो, पण तो हात बहुधा आपला नसतो. सकाळी चावडीवर उभे राहून कामाची वाट पाहणारा गवंडी, डोक्यावर घमेले वाहणारी रेजा, सुतार, रंगारी यांचा तो असतो. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ही मंडळी आपली हत्यारे धुऊन त्यांना गंध-फूल वाहतात. ओळंबा, रंधा, थापी यांच्यापुढे हात जोडतात. त्या हातांना आपण काय देतो, हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

सहा दिवसांचे काम चार दिवसांत मागायचे, मजुरीत घासाघीस करायची आणि मग सफाई नाही म्हणून ओरडायचे, हा अन्याय आहे. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. रायपूरच्या आसपास चुनखडी विपुल, सिमेंटचे कारखाने जवळ, सिमेंटची उणीव नाही. उणीव असते ती त्या सात दिवसांच्या धीराची. घाई आपली असते आणि भिंतीला गेलेल्या बारीक भेगांचा दोष मात्र गवंड्याच्या माथी येतो. काम नीट हवे असेल तर आधी वेळ द्या, पुरती मजुरी द्या, प्यायला थंड पाणी द्या, आणि "भैया, इथे कोणाची तरी आई राहणार आहे" एवढे एकदा समजावून सांगा. ज्याला आपल्या कामाचे कारण कळते, त्याचा हात आपोआप वेगळा चालतो. तोही घरी कोणाचा तरी मुलगा आहे. आणि कित्येकदा तो स्वतःही भाड्याच्याच खोलीत राहतो.

एक छोटी साधना

किल्ली देण्यापूर्वी एक दिवस त्या घरात राहायला जा. एक रात्र तिथे झोपा. सकाळी तिथेच स्नान करा, ओट्यावर चहा करा. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जाते ते शांतपणे पाहा. प्रत्येक दार, खिडकी आणि कडी लावून पाहा. अंधारात दिव्याचे बटण हाताला सापडते का ते पाहा. अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या. जमिनीवर बसून पाहा, कारण त्या घरात रांगणारे मूल असेल तर त्याला जग तिथून दिसणार आहे. बाहेर आलेला खिळा उभ्या माणसाला दिसत नाही. हे सारे तपासणीसारखे करू नका, जपासारखे करा. प्रत्येक वस्तूपाशी येणाऱ्या माणसाचे स्मरण ठेवा. ज्याचे नाव माहीत नाही, त्याचे स्मरण करण्याची याहून सोपी रीत नाही.

जी उणीव दूर करणे खरोखर परवडत नसेल, ती भाडेकरूला आधीच स्पष्ट सांगा. सांगितलेली उणीव हा व्यवहार असतो. लपवलेली उणीव ही फसवणूक असते. आणि बिऱ्हाड सोडून जाण्याचा दिवस येईल तेव्हा अनामत रक्कम बहाणे न काढता, मोजून, वेळेवर परत करा. घराच्या दुरुस्तीतले शेवटचे काम खरे म्हणजे तेच आहे.

ज्यांच्याकडे भाड्याने द्यायला घर नाही, त्यांनीही हा विचार बाजूला ठेवू नये. शिक्षकाची तपासलेली वही, डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी, कारकुनाने पुढे पाठवलेला अर्ज, गृहिणीने शेजारच्या आजारी माणसासाठी बांधून दिलेला डबा, ही सगळी भाड्याचीच घरे आहेत. आपण बांधतो आणि राहतो दुसराच. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तेव्हा भिंत कोणाची हे ओळंब्याला ठाऊक नसते. तो सगळीकडे सारखाच सरळ लटकतो. उद्या कोणी आपल्याला विचारील, "इतना चलेगा ना?" तेव्हा उत्तर देण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटा, आपला ओळंबा स्थिर होऊ द्या आणि मग बोला.